चाळीस मिनिटांचा कालखंड

रायपूरच्या शाळांमध्ये तासिकेला 'कालखंड' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द काहीसा चमत्कारिक वाटतो. आपल्याकडे कालखंड म्हणजे यादवांचा कालखंड, पेशवाईचा कालखंड. निदान शंभर-दीडशे वर्षे तरी त्या शब्दात मावलीच पाहिजेत. इकडे मात्र वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या वेळापत्रकात 'तिसरा कालखंड — गणित' असे लिहिलेले असते आणि तो चाळीस मिनिटांत संपतो. ही गंमत लहानपणी आमच्या घरी पुष्कळदा होई. आता तीच गोष्ट आठवली की हसू मागे पडते आणि एक प्रश्न पुढे उभा राहतो. ज्या चाळीस मिनिटांना आपण कालखंड असे भारदस्त नाव दिले, त्यांतून मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष गणित किती येते?

भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांनी चालविलेल्या नियतकालिकात गणिताच्या वेळापत्रकाची चर्चा कशासाठी, अशी शंका वाचकांना येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. गणिताला मिळणारा वेळ हा केवळ घड्याळाचा विषय नाही, तो भाषेचाही विषय आहे, असे माझे मत आहे. शाळेचे वेळापत्रक फक्त शाळेतील मिनिटे मोजते. परंतु गणिताचा एक मोठा भाग शाळेबाहेर, तिन्हीसांजेला, घरच्या भाषेत होत असे. तो कोणत्याही वेळापत्रकात नव्हता. म्हणून तो नाहीसा झाला तेव्हा त्याची नोंद कोणी केली नाही. आज मिडल स्कूलच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या, गणिताला वेळ पुरत नाही अशी जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिच्या मुळाशी हे न नोंदलेले नुकसान आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू ते नोंदविण्याचा आणि त्यावर काय करता येईल हे सुचविण्याचा आहे.

विवेचनासाठी मी तात्यापारा हे ठिकाण घेतो, कारण ते मला जवळून माहीत आहे आणि त्याचे नावच या विषयाला अनुकूल आहे. 'तात्या' मराठी आणि 'पारा' छत्तीसगढी. छत्तीसगढीत पारा म्हणजे वस्ती, मोहल्ला. दोन भाषा एका शब्दात नांदत असल्याचा हा ढळढळीत पुरावा. नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत १७४१ मध्ये छत्तीसगढात आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून कारभार पाहिला. १८१८ मध्ये कारभाराचे केंद्र रायपुरास हलले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. पुढे मध्यप्रांतात आणि नंतर मध्यप्रांत व वऱ्हाडात रायपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच राज्यकारभाराखाली होते. कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत राहिली आणि रुजली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्यप्रदेशात राहिले, आणि २००० पासून ते छत्तीसगढाची राजधानी आहे. येथील मराठी मूल रस्त्यावर छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि घरात मराठी बोलत वाढले. आज त्यात इंग्रजीची भर पडली आहे.

अशा घरात गणित कसे शिकले जाई? संध्याकाळी दिवा लागला, शुभंकरोती झाली, की परवचा सुरू होई. बे एके बे पासून तीसाच्या पाढ्यापर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. स्वयंपाकघरातून आजीचा कान आमच्याकडे असे, आणि कुठे अडखळलो तर फोडणीच्या आवाजावरून तिचा आवाज येई. शाळेत जे शिकविले जाई ते हिंदीत. पण त्याची घोटणी मराठीत. शाळेतील गुरुजी 'पहाड़े' म्हणत, आम्ही पाढे म्हणत असू. ते 'पौवा-अद्धा' म्हणत, आम्ही पावकी-निमकी. दोन्हींची चाल वेगळी, हिशेब एकच. त्या अर्ध्या-पाऊण तासाला कोणी 'गणिताचा तास' म्हटले नाही. पण वर्षाचा हिशेब केला तर तो शाळेतील तासिकेइतकाच भरला असता.

भाषेच्या अभ्यासकाने या परवच्याकडे एकदा तरी नीट पाहावे. मराठी बोलताना आपण 'दोन' म्हणतो; पण पाढ्यात 'बे' म्हणतो, आणि हा 'बे' बेचाळीससारख्या थोड्या संख्यानामांत आणि पाढ्यातच मुख्यतः उरला आहे. दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक ही रूपे पाढ्याबाहेर फारशी भेटत नाहीत. म्हणजे पाढे हा भाषेचा एक स्वतंत्र कप्पा आहे. त्याचे व्याकरण वेगळे, लय वेगळी, आणि तो केवळ मुखाने पुढच्या पिढीकडे गेलेला. आपण ओव्या गोळा केल्या, उखाणे गोळा केले, म्हणी गोळा केल्या. प्रदेशाप्रदेशातील पाढ्यांच्या चाली आणि रूपे मात्र आपण त्या आस्थेने गोळा केल्या नाहीत. ते गणितवाल्यांचे काम असे आपण धरून चाललो, आणि ते भाषेचे काम असे गणितवाले धरून चालले.

हे सांगताना गतकाळाविषयी हळहळ व्यक्त करण्याचा माझा हेतू नाही. पावकी-निमकी गेली याला सबळ कारण आहे. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण जोवर बाजारात होता, तोवर पाव, निम्मे, पाऊण, सव्वा यांची कोष्टके तोंडपाठ असणे ही पोटापाण्याची गरज होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ मीटर आणि किलोग्रॅम आले, आणि पावकीचा व्यवहारातील आधारच गेला. शिवाय पाठांतर म्हणजे आकलन नव्हे, हेही खरे. पाढे खडाखड म्हणणारी अनेक मुले अपूर्णांकापाशी गडबडत असत, हे मी पाहिले आहे; मी स्वतः त्यांपैकी एक होतो. तेव्हा परवचा जसाच्या तसा परत आणा, असे कोणी म्हटले तर मी त्याला पाठिंबा देणार नाही. माझा मुद्दा निराळा आहे. परवच्याबरोबर घर आणि शाळा यांच्यात गणिताविषयी रोज होणारे बोलणेही गेले, आणि ते का गेले याचा विचार केला पाहिजे.

प्रथम शाळेतील घड्याळ पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनतास ठरवून दिले आहेत. भागाकार केला तर दिवसाला सुमारे साडेचार तास येतात, म्हणजे चाळीस मिनिटांच्या जेमतेम सात तासिका. सहा दिवसांच्या आठवड्यात एक्केचाळीसच्या आसपास. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांना रोज एकेक तासिका दिली तर छत्तीस संपतात. उरलेल्या पाचांत चित्रकला, खेळ, संगीत आणि कार्यानुभव बसवायचे. या हिशेबात गणिताचा वाटा सातवा येतो. वर्षाच्या २२० तासिका, म्हणजे १४६ तास ४० मिनिटे. कागदावर हे काही वाईट नाही.

परंतु घंटा वाजली की गणित सुरू होते असे नाही. आधीच्या विषयाचा फळा पुसायचा, वह्या बदलायच्या, शिक्षकांनी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात यायचे, मुलांनी स्थिरस्थावर व्हायचे. यात प्रत्येक तासिकेची सहाच मिनिटे जातात असे धरू. शिक्षकी पेशातील वाचक हा अंदाज कमीच आहे असे म्हणतील. वर्षाची १३२० मिनिटे, म्हणजे २२ तास, म्हणजे तेहतीस तासिका झाल्या. सहा दिवसांच्या आठवड्यांनी मोजले तर साडेपाच आठवड्यांचे गणित केवळ दारातून आत येण्यात गेले. त्यात रायपूरचा उन्हाळा मिळवा. उन्ह वाढले की शाळा सकाळची होते, तासिका आखूड होतात, आणि पारा फारच चढला तर सुट्टीही अलीकडे येते. निवडणुका आणि जनगणना यांच्या कामांवर शिक्षकांना पाठविण्यास कायद्यानेच मुभा आहे. त्याच कायद्याने मिडल स्कूलमध्ये विज्ञान आणि गणित या दोहोंसाठी मिळून किमान एक शिक्षक असावा, असे म्हटले आहे. लहान शाळेत हा किमान आकडाच कमाल ठरतो. आणि तो एक शिक्षक कामावर गेला की त्या दिवशी तिन्ही वर्गांचे गणित गेले. इतिहासाची तासिका बुडाली तर मूल धडा घरी वाचू शकते. ऋण संख्यांची तासिका बुडाली तर ती कोणापाशी भरून काढायची?

याच वयात गणिताचे स्वरूप पालटते. पाचवीपर्यंतचे गणित बोटांवर, गोट्यांवर, पैशांवर दाखविता येते. सहावीत ऋण संख्या येतात, गुणोत्तर येते, आणि मग संख्येच्या जागी अक्षर येते. ज्या संख्येला किंमत नाही पण नाव आहे अशा गोष्टीशी मुलाची ही पहिली भेट असते. तिला बोलणे लागते, प्रश्न विचारणे लागते, चुकणे लागते. एक चांगले उदाहरण वाचून, समजून, दोन वाटांनी सोडवून पाहण्यास वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. चौतीस मिनिटांत असे एकच उदाहरण होते, आणि दुसरे फळ्यावर उतरेपर्यंत घंटा वाजते. मग शिक्षक नाइलाजाने रीत सांगतात आणि मुले रीत पाठ करतात. पाठांतराला नावे ठेवीत आपण ज्या आकलनाची प्रतिष्ठापना केली, त्याला लागणारा वेळ आपण दिलेलाच नाही.

येथेच घरची संध्याकाळ आठवते. शाळेत अपुरे राहिलेले बोलणे घरी का पुरे होत नाही? आईवडिलांना सवड नाही, दूरदर्शनसंच आणि मोबाइल यांनी संध्याकाळ खाल्ली, ही कारणे आहेतच. तथापि तात्यापाऱ्यासारख्या ठिकाणी आणखी एक कारण आहे आणि ते भाषेचे आहे. नात्यातील एका घरी पाहिलेला प्रसंग सांगतो. आठवीतली नात अपूर्णांकांचे समीकरण घेऊन बसली होती. आजी जुन्या मॅट्रिकच्या, हिशेबात पक्क्या. वहीत डोकावून त्या म्हणाल्या, "आधी छेद सारखे करून घे बाळ." नातीने विचारले, "छेद म्हणजे?" आजींनी बोट ठेवून दाखविले. "अगं आजी, त्याला हर म्हणतात." आजी म्हणाल्या, "बरं, हर. मग हा अपूर्णांक तिकडे ने." "अपूर्णांक म्हणजे भिन्न ना?" आजी गोंधळल्या; "कशापेक्षा भिन्न?" दोघीही हसल्या. पण पाच मिनिटांनी नात वही मिटून उठली आणि जाता जाता म्हणाली, "राहू दे आजी, उद्या ट्यूशनमध्ये विचारते." तिच्या बोलण्यात अनादर नव्हता. आजींचा चेहरा मात्र मला अद्याप आठवतो. ज्यांना ते उदाहरण तोंडी सोडविता येत होते, त्यांना त्याबद्दल बोलता येत नव्हते.

हा शब्दांचा फरक किती खोलवर जातो ते पाहावे. आपला हातचा, त्यांचा हासिल; आपला काटकोन, त्यांचा समकोण; आपला छेद, त्यांचा हर; आपली शेकडेवारी, त्यांचे प्रतिशत. काही शब्द तर फसवे आहेत. मराठीत गुणोत्तर आणि प्रमाण ही जोडी; हिंदीत तीच अनुपात आणि समानुपात, आणि 'प्रमाण' म्हणजे पुरावा, सिद्धता. संख्यांच्या नावांतही अशी एक जागा आहे. एकोणतीस-उनतीस, एकोणसाठ-उनसठ येथवर दोन्ही भाषा पुढच्या दशकातून एक वजा करतात. एकोणनव्वदपाशी मात्र वाटा फुटतात. मराठी नव्वदांतून एक काढते. हिंदी 'नवासी' म्हणून ऐंशीत नऊ मिळविते. छत्तीसगढी तर विसांच्या हिशेबाने 'कोरी' मोजते. दोन कोरी म्हणजे चाळीस. या तिन्ही रीती शहाण्यासुरत्या आहेत. तीन रीती जाणणारे मूल संख्येच्या रचनेविषयी एक रीत जाणणाऱ्यापेक्षा अधिक जाणते, निदान जाणू शकते. पण ही संपत्ती आहे हे त्याला कोणी सांगत नाही. त्याला एवढेच कळते, की घरचा शब्द शाळेत चुकीचा आणि शाळेचा शब्द घरात अनोळखी.

मराठी कुटुंबांचे उदाहरण घेतले ते माझ्या परिचयाचे म्हणून. वस्तुतः त्यांची अडचण सौम्य आहे. लिपी एक, तत्सम शब्द पुष्कळसे समान, घरात शिक्षणाची परंपरा. ज्या मुलाच्या घरी गोंडी बोलतात, किंवा हलबी, जिला ग्रिअर्सनने भाषासर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात स्थान दिले, त्याच्या घरापासून शाळेच्या गणितापर्यंतचे अंतर याहून कितीतरी अधिक आहे. त्याच्या चाळीस मिनिटांतून घंटेचा कर वजा जातोच, शिवाय भाषेचाही जातो.

संख्यानामांचा प्रश्न महाराष्ट्रातही एकदा ऐरणीवर आला होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसच्या जोडीला 'वीस दोन' अशी नावे आली आणि मोठा गहजब झाला. मंगला नारळीकरांनी त्यामागची भूमिका मांडली होती : जोडाक्षरांनी भरलेली आणि लिहिण्याच्या क्रमाच्या उलट बोलली जाणारी नावे लहान मुलाला जड जातात. त्या वादात आपण साहित्यिक मंडळींनी भाषेच्या सौंदर्याचा कैवार घेतला आणि विनोदही पुष्कळ केले. मुलाचा वेळ कोठे जातो, हा जो मूळ प्रश्न त्यांनी विचारला होता, त्याला मात्र उत्तर दिले नाही. मला स्वतःला जुनी नावे प्रिय आहेत आणि ती टिकावीत असे वाटते. परंतु ती टिकवायची तर त्यांसाठी लागणारा वेळ कोठून आणायचा, हे सांगण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा तसेच झाले. महाराष्ट्रात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्याचे शासननिर्णय निघाले, तीव्र विरोध झाला आणि २९ जून रोजी ते मागे घेण्यात आले. त्या काळातील बहुतेक लेखन अस्मितेविषयी होते, आणि अस्मितेचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण नव्या विषयाला लागणाऱ्या तासिका कोणत्या विषयाच्या पदरातून काढायच्या, हा साधा हिशेब चर्चेच्या कडेलाच राहिला. भाषेचे लोक भाषेच्या तासिका मोजतात, गणिताचे लोक गणिताच्या. आणि वेळापत्रक म्हणजे जणू भाऊबंदकीतील शेत, एकाचा बांध सरकला की दुसऱ्याची जमीन गेली.

ही भाऊबंदकी आपल्या परंपरेला धरून नाही, एवढे अभ्यासकांना आठवण करून देणे अवश्य आहे. भास्कराचार्यांची लीलावती हा गणिताचा ग्रंथ आहे आणि तो श्लोकबद्ध आहे. त्यातील उदाहरणांत भुंगे, हंस, मोर आणि साप वावरतात. मूल आधी चित्र पाहते, मग संख्या. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला; तेराव्या शतकाच्या आरंभीचा तेथील शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याचा पूर्वभाग संस्कृतात आहे आणि मठाला द्यावयाच्या दानाचा तपशील मराठीत. विद्येची थोरवी संस्कृतात सांगितली, पण ती विद्या चालविण्यासाठी कोणी काय आणि किती द्यायचे हा हिशेब लोकांना कळेल अशा भाषेत लिहिला. मराठी ही आरंभापासून हिशेबाची भाषा आहे, याचा याहून चांगला दाखला कोणता?

रायपूरचा दाखला तर अधिक जवळचा. माधवराव सप्रे बिलासपुरास मिडल आणि रायपुरास मॅट्रिक झाले, १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' काढले आणि १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले. घरची भाषा मराठी असलेल्या या गृहस्थांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, हे सर्वांस ठाऊक आहे. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदी वैज्ञानिक परिभाषेचा जो कोश सिद्ध केला, त्यातील अर्थशास्त्राच्या शब्दावलीच्या कामातही त्यांचा हात होता, ही गोष्ट त्या मानाने थोड्यांना माहीत आहे. त्याच कोशातील गणिताची परिभाषा सुधाकर द्विवेदी यांची. घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामध्ये उभे राहून शब्दांची ने-आण करणे हे काम सप्र्यांनी कमीपणाचे मानले नाही. आज तात्यापाऱ्यातील आजी आणि नात यांच्यात हेच काम करणारा कोणी नाही.

कोणी म्हणेल, आता सगळीच मुले इंग्रजी माध्यमाकडे चालली आहेत. हर की छेद हा वाद पुढच्या पिढीत आपोआप मिटेल. छत्तीसगढात २०२० पासून सरकारी इंग्रजी शाळाही निघाल्या, आणि त्या स्वामी आत्मानंदांच्या नावाने आहेत, ज्यांनी संन्यासापूर्वी नागपूर विद्यापीठातून गणितात एम. एस्सी. केले होते. या शाळांना माझा विरोध नाही. गरिबाच्या मुलाला त्या हव्या आहेत. परंतु माध्यम बदलल्याने हा प्रश्न मिटत नाही, तो वाढतो. हर आणि छेद यांच्यात निदान एका हाकेचे अंतर होते. इंग्रजी शब्द आला की आजीबरोबर आईही त्या संवादातून बाहेर पडते, आणि गणित सर्वस्वी शिकवणीच्या स्वाधीन होते. ज्याला शिकवणीचे शुल्क परवडत नाही, त्याच्यापाशी वेळापत्रकातील चौतीस मिनिटांखेरीज काहीच उरत नाही.

तेव्हा करायचे काय? भाषांच्या तासिका कापून गणिताला द्या, असे मी सुचविणार नाही. त्याने गणिताचे भले होणार नाही, कारण आठवीचे मूल अडते ते बहुधा आकडेमोडीपाशी नव्हे, उदाहरणाच्या वाक्यापाशी. माझ्या सूचना तीन आहेत आणि तिन्हींना पैसा फारसा लागत नाही.

पहिली घंटेविषयी. गणिताच्या आठवड्यातील सहा तासिकांपैकी चार जोडून दोन दिवस दुहेरी कराव्यात, दोन एकेरी ठेवाव्यात. आठवड्यात सहा वेळा जाणारी ती सहा मिनिटे चारच वेळा जातील. वर 'वजा' केलेल्या बावीस तासांपैकी ७ तास २० मिनिटे, म्हणजे अकरा तासिका, काहीही न कापता परत मिळतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एक उदाहरण दोन वाटांनी सोडविण्यास सलग अवकाश मिळेल. यावर दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. ऐंशी मिनिटे मुले बसत नाहीत. आणि गणिताला रोजचा सराव हवा, तो आठवड्यातून दोन दिवस खंडित होईल. पहिल्याला उत्तर असे की, दुहेरी तासिका सकाळच्या प्रहरी ठेवावी आणि तिचा उत्तरार्ध मुलांनी एकमेकांशी बोलत, स्वतः सोडविण्यासाठी मोकळा सोडावा. दुसऱ्याचे उत्तर पुढच्या दोन सूचनांत आहे.

दुसरी भाषाशिक्षकांविषयी. आठवड्यातील भाषेच्या अठरा तासिकांपैकी एक तासिका गणितातील शाब्दिक उदाहरणे वाचण्यासाठी द्यावी, आणि ती भाषेच्या शिक्षकानेच घ्यावी. उत्तर काढायचे नाही; केवळ वाचायचे. कर्ता कोण, 'अधिक' कशापेक्षा, 'उरलेल्याचा' म्हणजे कशाचा, हे वाक्य दुसऱ्या शब्दांत कसे सांगाल? हा गद्याचा अभ्यासच आहे. कवितेचा अन्वय लावणाऱ्या शिक्षकाला हे काम कठीण जाणार नाही. यात भाषेची तासिका गणिताने बळकावली असे होत नाही. नेमके वाचणे हे भाषेचेच शिक्षण आहे.

तिसरी घराविषयी, आणि येथे आपल्यासारख्यांचा थेट संबंध येतो. सहावी ते आठवीच्या गणितात वारंवार येणारे शब्द फार नाहीत, शंभर-सव्वाशे असतील. शाळेच्या भाषेतील शब्द आणि शेजारी घरच्या भाषांतील शब्द, असे एक-दोन पानांचे कोष्टक प्रत्येक शाळेने आपल्या वस्तीपुरते करावे आणि वर्षारंभी मुलाबरोबर घरी पाठवावे. रायपुरात ते हिंदी, छत्तीसगढी, मराठी, ओडिया असे होईल. जगदलपुरात हलबी आणि गोंडी येतील. विद्यापीठांतील भाषाविभागांनी ही कोष्टके तयार करण्याचे काम अंगावर घ्यावे. ते करताना पाढ्यांच्या चाली, मोजण्याच्या रीती, मापांची नावे यांचे ध्वनिमुद्रणही होऊन जाईल. ज्यांना ती येतात अशी माणसे आता वयोवृद्ध आहेत. हे काम दहा वर्षांनी करू म्हटले तर ते करता येणार नाही.

या सूचनांनी मुलांचे गुण किती वाढतील, ते मी सांगू शकत नाही. आणि गुणांसाठीच हे करावे असेही मला वाटत नाही. गणित हे असे ज्ञान आहे की ज्यात लहान मूल मोठ्या माणसाची चूक दाखवू शकते आणि मोठ्याने ती मुकाट मान्य करावी लागते. घरातील असे बोलणे मुलाला जो आत्मविश्वास देते, तो कोणत्याही तासिकेत मिळत नाही. आणि भाषेच्या बाजूने पाहिले तर, ज्या भाषेत हिशेब होत नाही ती हळूहळू सणावारांची, गोडधोडाची आणि आरत्यांची भाषा होते. तात्यापाऱ्यात मराठी आज त्याच वाटेवर आहे. आरत्या राहतील, त्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती 'एकोणनव्वद' या शब्दाची, कारण तो म्हणण्याचा प्रसंगच मुलांवर येत नाही.

ती नात आता कधीतरी वही घेऊन आजींजवळ बसली, मधे कोष्टकाचा एक कागद असला, आणि "छेद म्हणजे हर ना?" एवढे विचारून दोघी पुढच्या ओळीकडे वळल्या, तर शाळेच्या चाळीस मिनिटांत घरची अर्धी घटका मिळविल्यासारखे होईल. शाळेने आपली मिनिटे सांभाळावी. ही अर्धी घटका परत मिळविण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांचे आहे, आणि ते आपण गणितवाल्यांवर सोपवून मोकळे होऊ नये.